भरण

टिंबर मार्केटच्या कोपऱ्यावर बसतो मी.
धंदा चपलांचा, पण शाळेमागच्या क्लबातले
ग्लोव्हजही माझ्याकडेच येतात
उसवले की.
आत काय असतं म्हणाल तर
फोम, चिंध्या, पूर्वी घोड्याचे केस,
आणि घामाचा वास. तो जात नाही.
उन्हात ठेवा, डांबरगोळ्या घाला, जात नाही.

शिवण बघून हात ओळखतो मी.
अंगठ्याकडे फाटला तर पोरगा घाईचा.
मधल्या दोन बोटांवर दबला
तर नीट मारणारा.
तसा होता ऑगस्टिन भांबळचा डावा.

ऑगस्टिन बेकरीत. पहाटे तीनला पीठ मळायचा,
सहाला बॅगेवर.
भुवईत मैदा राहिलेला असायचा.
म्हणायचा, मामा, भरण जरा जास्त घाला,
समोरच्याला कमी लागेल.
मी घालायचो.

ग्लोव्ह हात वाचवतो, डोकं नाही.
हात दुखत नाही म्हणून माणूस मारतच राहतो.
हे मला फार नंतर कळलं.
ससूनमधली एक शिकाऊ डॉक्टरीण
पट्टा तुटलेली चप्पल घेऊन एका पायावर उभी होती,
मी विचारलं, तिनं सांगितलं,
घड्याळ बघत.

त्याच्याआधी सुदेश लालबिगे गेला.
एकावन्न किलोत बसायचं होतं,
दोन किलो जास्त भरत होता.
मे महिना, अंगात रेनकोट, पर्वतीच्या पायऱ्या,
वर, खाली, वर.
दोन दिवस पाणी नाही,
थुंकायला सांगितलं तर थुंकीही नाही.
उचलून आणला तेव्हा
काट्यावर ठेवला असता
तर बसला असता एकावन्नात.

ऑगस्टिनचं डोकं आठवडाभर दुखत होतं.
कोचला बोलला नाही, मला बोलला.
चौकातल्या मेडिकलची गोळी
माझ्याच चहाबरोबर घेतली त्यानं, दोनदा.
मी म्हटलं, झोप होत नाही रे तुझी.
एवढंच म्हटलं.
शनिवारी सरावातच, स्पर्धा नाही, काही नाही,
एक साधा उजवा बसला
आणि तो खाली बसला,
बस लवकर येणार नाही हे कळलेला माणूस
थांब्यावर बसतो तसा.
हसला म्हणे.
मग उलटी.

क्लबात दोघांचे फोटो आहेत.
हार प्लॅस्टिकचे. मुठी वर.
हेडगार्ड एकाच्याही डोक्यावर नाही,
फोटोत चेहरा दिसायला हवा ना.

ऑगस्टिनच्या आईनं त्याचे ग्लोव्हज माझ्याकडे टाकले,
कुणा गरजूला द्या म्हणाली.
बरीच गरजू पोरं आली गेली.
ते पेटीच्या तळाशी आहेत.

आणि दीड महिन्यानं नियाज आला,
बागवानांचा, केळ्यांची गाडी लावतो तो.
साधा उजवा त्याचाच होता.
ग्लोव्ह पुढे केला.
फिरवून बघितला मी, कुठंच उसवला नव्हता.
काय करू?
म्हणाला, तोंड शिवा.
हात जाणार नाही असं.

मेण लावलेला दुहेरी दोरा घेतला,
आरीनं जवळजवळ भोकं पाडली,
मनगटाच्या कडा जुळवून शिवत गेलो.
तो शेजारच्या दगडावर बसून
माझ्या हाताकडे बघत होता,
स्वतःचे हात मांडीखाली.
किती झाले?
वीस रुपये.
घेतले मी. घेतले नसते
तर त्याला वाटलं असतं, यालाही माहितेय.

काल एक पोरगी आली, बारा-तेराची,
दोन वेण्या, गुडघ्यावर खपली.
थोरल्या भावाचे ग्लोव्हज, तिला सैल होणारे.
भरण जास्त घाला म्हणाली.
सुई हातात धरून मी विचारलं,
डोकं दुखतं का गं कधी?
नाही, म्हणाली.
माझा प्रश्न संपायच्या आत म्हणाली.

बस, म्हटलं, चहा सांगतो.
शिवायला घेतलं नाही अजून.